उसनी लेक

लेहाचा हात डोक्याला लागला की माणसाचे डोळे आपोआप मिटतात, असं मासळीबाजारातल्या बायका म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं केस धुण्याचं दुकान होतं. दुपारी दोनच्या सुमाराला कालवं फोडून दमलेल्या बायका तिथे येत. त्यांच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असत आणि केसांना समुद्राचा वास. लेहा त्यांना आरशासमोर बसवी, कोरड्या केसांवरच शांपू ओते आणि थेंब थेंब पाणी घालत असा फेस काढी, की बाईच्या डोक्यावर पांढरा डोंगर उभा राही. मग मागच्या बेसिनपाशी नेऊन, मानेखाली हात देऊन, ती डोकं धुऊन काढी.

"माझ्या सुनेनं माझी एवढी सेवा केली असती, तर मी तिला एक शिवी दिली नसती," किमपो म्हणे. कालवं फोडणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत तोंडाळ.

"तुझी सून तुझ्यापेक्षा दोन टोपल्या जास्त फोडते. तिचं डोकं कधी धुतलंस?" लेहा विचारी, आणि किमपो डोळे न उघडताच हसे.

लेहा बावन्न वर्षांची होती. बोलायची कमी. कोणाच्या डाव्या कानात पाणी जातं, कोणाला पाणी जरा कढत लागतं, हे तिच्या पक्कं ध्यानात असे. दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता. नवरा गेला तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, सासूने तिचा हात धरून विचारलं होतं, "माझ्या मागं उदबत्ती कोण लावणार?" लेहा म्हणाली होती, "मी लावीन, आई." तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे, ती सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावत आली होती. एकही दिवस चुकला नव्हता.

सासू चौऱ्याऐंशी वर्षांची. सगळी गल्ली तिला आमा म्हणे, म्हणजे आजी. आमाचा आवाज एके काळी किनाऱ्यावरच्या तीन तालुक्यांत प्रसिद्ध होता. ती 'उसनी लेक' होती. ज्या घरच्या मुली परगावी आहेत, किंवा आहेत पण त्यांना चार लोकांत रडता येत नाही, अशा घरी मयत झालं की आमाला बोलावणं येई. पांढरे कपडे घालून ती मांडवाच्या दारापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत जाई आणि हातातल्या माइकमध्ये असा टाहो फोडी, की रस्त्यावरच्या स्कूटर थांबत. तीस वर्षं तिने हे काम केलं. दुसऱ्यांच्या आईबापांना आई, बाबा म्हणून रडली. आता गुडघे गेले होते, पण कोण कसं रडतंय हे ओळखणारी नजर शाबूत होती.

येन पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, दुकानात पहिल्यांदा आले ते सहा वर्षांपूर्वी, केस कापून घ्यायला. वय तिशीचं, शहरात वाढलेले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "लेहाताई, रविवारी दुकान बंद असतं ना? चार माणसं बसून प्रार्थना करू म्हणतो. जागा मिळेल?"

"टॉवेल मात्र वाळत घातलेले असतील," लेहा म्हणाली. तिच्या भाषेत हा होकार होता.

पहिल्या रविवारी पाळक, त्यांची बायको आणि एक वाजवायची पेटी एवढेच आले. लेहा मागे टॉवेलांच्या घड्या घालत बसली. मग किमपो आली, कारण तिला वाटलं आज केस फुकट धुतात. ती परत गेली नाही. वर्षभरात वीस माणसं झाली. गाण्याचे शब्द आरशांवर चिकटवलेले असत, त्यामुळे सगळी मंडळी आरशांकडे तोंड करून बसे. प्रवचनात कोणाला डुलकी लागली, तर ती पाच आरशांत दिसे. गावाने या मंडळीचं नाव ठेवलं 'डोकं धुण्याचं देऊळ'. पाळकांना ते फार आवडलं.

पहिला बाप्तिस्मा किमपोचा. पाळकांच्या मनात होतं, समुद्रात द्यावा. सगळे गाणी म्हणत किनाऱ्यावर गेले, तर ओहोटी. समोर मैलभर चिखल. पाळक आणि किमपो गुडघ्यापर्यंत रुतत अर्धा तास चालले, तरी पाणी घोट्याच्या वर येईना. पाळकांचे दोन्ही बूट चिखलाने गिळले.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "किमपोताई, तुम्ही चाळीस वर्षं या समुद्रावर काम करता. आज ओहोटी आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्यात असंच असतं. आधी चिखल, मग पाणी."

लेहाने दोघांचे पाय धुतले. चिखल मोरीत वाहून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "इथंच घ्या की. पाणी कोमट आहे." तेव्हापासून मंडळीचा प्रत्येक बाप्तिस्मा त्या बेसिनमध्ये झाला. माणूस मागे रेलून बसे, लेहा मानेखाली हात देई, मनगटावर पाणी बघे, आणि पाळक ओंजळीने ते कपाळावर ओतत. सदतीस माणसांच्या माना तिने अशा धरल्या. तिची स्वतःची मान मात्र कोणी धरली नव्हती.

पाळकांनी एकदाच विचारलं होतं. लेहा म्हणाली, "घरी उदबत्ती आहे." त्यांना कळलं. बाप्तिस्मा घेतलेला माणूस उदबत्ती हातात धरत नाही, आणि लेहा दिलेला शब्द मोडत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आणि आमा? सहा वर्षांत ती रविवारी एकदाही खाली उतरली नाही. उपासना सुरू झाली की वर टीव्हीचा आवाज वाढे. "येशूच्या माणसाला मेल्यावर रडायला कुणी नाही," हे गावातलं जुनं बोलणं ती जिन्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे. पण बारा वाजता, सगळे जेवायला बसले की, जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक पातेलं येऊन बसलेलं असे. कधी मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कधी बांबूच्या कोंबांचा रस्सा. "उरलंय. टाकून द्यायचं होतं," आमा वरून ओरडे. पातेलं चाळीस माणसांचं असे.

या वसंतात मंडळी साठाच्या वर गेली. अर्धे लोक फुटपाथवर उभे राहू लागले. बाजाराच्या टोकाला फर्निचरचं एक मोठं दुकान बंद पडलं होतं, ते मंडळीला भाड्याने मिळालं. पाळकांनी तिथे रंग लावून घेतला, बाप्तिस्म्यासाठी निळ्या फरशीचा हौद बांधायला घेतला. पूर्वजांच्या कबरी साफ करण्याचा सण झाला की पुढच्या रविवारपासून तिकडे जायचं ठरलं.

सगळे आनंदात होते. लेहाही सगळ्यांबरोबर हसली, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. इथे मंडळी तिच्या घरी होती, म्हणून ती मंडळीत होती. कोणी विचारलं नाही, तिलाही सांगावं लागलं नाही. तिकडे आरसे नव्हते, टॉवेल नव्हते, बेसिन नव्हतं. तिकडे ती कोण म्हणून जाणार? दारात उभी राहून चपला लावणारी? तिला त्यांच्यातलीच एक होऊन जायचं होतं. आणि त्यासाठी वरच्या मजल्यावर झोपलेल्या म्हातारीला दिलेला शब्द परत मागायला हवा होता. ते तिच्याने होईना.

अशात थिएनसू गेला.

थिएनसू म्हणजे किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोपटात एकटा राहणारा म्हातारा. जन्मभर दुसऱ्यांच्या, कालवं वाढवायला समुद्रात रोवलेल्या बांबूंवर राबला. बायको नाही, पोर नाही, भाऊबंद नाहीत. मंडळीत आला तो जेवणासाठी, आणि हे तो उघड सांगे. तिसऱ्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचं डोकं लेहाने तीनदा धुतलं, मग पाळकांना बोलावलं.

शनिवारी सकाळी गल्लीत, दुकानापुढे, मांडव घातला. शवपेटी, पुढे फुलं, मध्ये थिएनसूचा फोटो. फोटोत तो नूडल्स खात होता, कारण दुसरा फोटोच नव्हता. मंडळी पांढरे-काळे कपडे घालून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली.

इतक्यात जिना वाजला. आमा एकेक पायरी उतरत खाली आली. अंगात जुनं काळं पोलकं, केस चापून बसवलेले. लेहा धावत पुढे गेली.

"आई, तुम्ही कशाला?"

"बघायला. रडणारं कोण आहे ते मोजायचंय." ती सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसली आणि मान उंच करून रांगा बघू लागली.

गाणं झालं. कोणी रडलं नाही. प्रार्थना झाली. सगळे ताठ बसलेले, ओठ घट्ट मिटलेले. मग पाळक थिएनसूबद्दल बोलले. तो दोनदा वाढून घ्यायचा आणि तिसऱ्यांदा घेतलेलं पिशवीत लपवून खोपटातल्या कुत्रीला न्यायचा, आणि आपण सगळे न बघितल्यासारखं करायचो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा दोन-चार जण हसले.

"मयताला हसतात!" आमा लेहाच्या कानाशी म्हणाली. कुजबुज तिला कधी जमलीच नव्हती. चार रांगांनी मागे वळून पाहिलं. "अगं, एकही डोळा ओला नाही. याच्या नशिबी हेच आलं?"

"आई, हळू."

"काय हळू? बिचाऱ्याला लेक नाही."

असं म्हणून ती उठली. लेहाने हात धरला, तो तिने झटकला. दुखऱ्या पायांनी ती दोन रांगांच्या मधून चालत गेली, मांडवाच्या मध्यावर आली आणि गुडघ्यांवर बसली. मग तो आवाज निघाला.

"बाबाऽऽ! मला टाकून कुठं चाललात हो, बाबाऽऽ! भात निवला, कालवणावर साय धरली, दारात कुत्री वाट बघते, तुम्ही कुठं चाललात?"

चौऱ्याऐंशी वर्षांच्या छातीतून तो कसा आला कोण जाणे. मासळीबाजारातली घासाघीस थांबली. आमा रांगत पुढे निघाली. लेहाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती सासूला उचलायला धावली, पण पाळकांनी हात किंचित वर केला. राहू द्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून किमपोचा हुंदका फुटला. तिने तोंडात रुमाल कोंबला, तो बाहेर काढला, आणि रडत रडतच ओरडली, "पाळक! रडलेलं चालतं का?"

पाळक गोंधळले. "चालतं म्हणजे?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, आपलं माणूस प्रभूकडे जातं, शोक करू नका? आम्ही सकाळपासून मांडीला चिमटे घेतोय!" तिने खरंच मांडी चोळली. शेजारच्या चार बायकाही चोळू लागल्या. काल संध्याकाळी कालवं फोडता फोडता त्यांचं ठरलं होतं. येशूच्या माणसासाठी रडत नाहीत असं सगळं गाव इतकी वर्षं म्हणतंय, म्हणजे तो नियमच असणार. कोणी रडून पाळकांना खाली मान घालायला लावायची नाही.

येन पाळकांचेच डोळे भरून आले होते. "नाही हो," ते म्हणाले. "येशू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला होता. रडा. मीही थांबलोय कशासाठी देव जाणे."

मग जे झालं ते गल्लीने पूर्वी पाहिलं नव्हतं. साठ माणसं एकदम रडली. पेटी वाजवणारी पाळकांची बायको वाजवता वाजवता रडली. थिएनसूला रोज शिव्या घालणारा बर्फवाला भिंतीला डोकं टेकून रडला. आमा पुढे शवपेटीला हात लावून सूर धरून होती, आणि मध्येच मान वळवून मागे बघत होती.

दुपारी, थिएनसूला पोचवून आल्यावर, लेहा सासूच्या गुडघ्यांना मलम चोळत बसली. दोन्ही गुडघे सोलले होते.

"चोपन्न," आमा म्हणाली.

"काय चोपन्न?"

"खरं रडणारे. बाकीचे नाक ओढत होते, ते धरले नाहीत." तिने दुसरा गुडघा पुढे केला. "मी तीस वर्षं हे केलं. खानदानी घरं पाहिली, आठ-आठ लेकी असलेली. मी रडत असताना मागं मुली फोनवर बोलायच्या. आज मी थांबले तरी मागचे थांबेनात. आणि तो तर ना कुणाचा बाप, ना कुणाचा काका."

लेहा मलम चोळत राहिली.

"तू ते पाणी का घेत नाहीस गं?"

लेहाचा हात थांबला. "तुम्हाला शब्द दिलाय."

"कसला?"

"उदबत्तीचा."

"उदबत्ती!" आमा चिडली. "उदबत्ती काय, धाकटा बुनसेंगही लावेल. तो आळशी आहे, पण त्याची बायको भुताला भिते, ती चुकवायची नाही."

"मग तुम्ही जिन्यावरून सहा वर्षं..."

"मला वाटायचं, तू त्यांच्यात गेलीस की माझ्या वेळी ताठ बसशील. ओठ मिटून. गाणं म्हणशील आणि घरी जाऊन भात टाकशील." म्हातारीने तोंड खिडकीकडे फिरवलं. "दोन मुलगे झाले मला. लेक नाही. जन्मभर दुसऱ्यांची उसनी लेक झाले. माझ्या पेटीपाशी कुणी उसनी नको होती मला. दुसरी होती कोण? तूच."

लेहाने मलमाचं झाकण लावलं. अकरा वर्षं ती उदबत्ती सांभाळत होती आणि म्हातारीला हवं होतं ते भलतंच. दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नव्हतं. विचारायची या घराची रीत नव्हती.

"फोन लाव," आमा म्हणाली.

तिकडे काओशुंग शहरात धाकट्या मुलाने फोन उचलला.

"बुनसेंग, पूर्वजांची पाटी तुझ्याकडे येणार. सण झाला की गाडी घेऊन ये."

"आई, आमचं घर लहान..."

"पूर्वज काय हातपाय पसरून झोपणार आहेत का? टीव्हीचं कपाट हलव. आणि मी मेल्यावर माझं नाव त्याच पाटीवर. बायकोला दे फोन, तुझा भरवसा नाही."

पाटी हलवायची तर मुहूर्त बघावा लागतो. मुहूर्त निघाला शुक्रवारचा. त्या दिवशी लेहाने देव्हाऱ्यापुढे शेवटची उदबत्ती लावली, ती पूर्ण जळेपर्यंत उभी राहिली आणि मग पाटी लाल कापडात गुंडाळून स्वतः दिराच्या गाडीत नेऊन ठेवली. उतरवताना पाटी जरा कलली. आमा म्हणाली, "सरळ धर. मामंजी आहेत तुझे आत."

रविवारी, दुकानातल्या शेवटच्या उपासनेत, लेहाचा बाप्तिस्मा झाला. हौद तयार होता, पण तिने बेसिनच मागितलं. मान किमपोने धरली. वाईट धरली. दोन्ही कानांत पाणी गेलं आणि पहिल्यांदाच डोळे मिटून पडलेल्या लेहाला पाळक काय म्हणाले ते नीट ऐकूच आलं नाही. उठली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर, पातेल्याशेजारी, आमा बसली होती. त्याच्या खाली ती उतरली नाही.

पुढच्या बुधवारी सगळ्या होड्या बाहेर होत्या, दुकानात चिटपाखरू नव्हतं. आमा खाली आली आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसली.

"चल. शिकवते."

"काय?"

"रडायला. चोपन्न माणसं जमतील, पण पुढं कुणीतरी सूर धरायला हवा. तू धरायचास. म्हण, आईऽऽ."

"आई," लेहा म्हणाली.

"मीठ मागतेस का? पोटातून काढ. आईऽऽ, मला टाकून कुठं चाललात."

लेहाने प्रयत्न केला. आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि तिला हसू फुटलं. आमाही हसली, हसता हसता खोकली. मग तिने पदरासारखा टॉवेल गळ्याभोवती घेतला, डोळे मिटले, हात छातीवर जुळवले आणि मान मागे टाकून निपचित पडली.

"बघ, मी गेले. आता म्हण."

लेहाने पाहिलं. पातळ झालेले पांढरे केस, मिटलेल्या पापण्या, गुडघ्यांवरची अजून न पडलेली खपली. तिने तोंड उघडलं. "आई," एवढंच आलं. ती खुर्चीशेजारी खाली बसली, म्हातारीच्या हातावर कपाळ टेकलं आणि आवाज न करता रडू लागली. बराच वेळ.

आमाने एक डोळा उघडला. आरशात तिने सुनेची हलणारी पाठ बघितली. जाणकाराने बघावी तशी, नीट.

"खरं आहे," ती म्हणाली. "पण मागच्या रांगेला ऐकू यायचं नाही. ऊठ, पाणी पी, आणि पुन्हा."